मुक्या राजाचा पोपट

दाजी, तुम्ही भांडण अर्ध्यावर टाकून गेलात, हे काही बरं केलं नाहीत. ताप चढला काय आणि बघता बघता तुम्ही गेलात काय. माणसानं जाताना निदान एवढं तरी सांगावं, की बाबा, यात तुझं खरं होतं आणि यात माझं. पण सांगणं तुम्हाला कधी जमलं नाही. सांगायचं काम माझं, असं ठरवून तुम्ही जन्मभर बिनधास्त राहिलात.

काल तुमचं तेरावं झालं. गोड जेवण झालं, पाहुणे पांगले, अंगण झाडून झालं. अक्का ओसरीवर खांबाला टेकून बसली आहे. मी तुमच्या रंगांच्या करवंट्या पुढ्यात घेऊन बसलोय आणि तुमच्याशी बोलतोय. तांबडा हिंगूळ वाळून तडकलाय, काजळाच्या करवंटीवर धूळ बसलीय. हिरव्याची मात्र चाटूनपुसून रिकामी आहे. त्याचं कारण मला आज सकाळी कळलं. ते पुढं सांगतो, सगळं ओळीनं सांगू द्या. तुमच्यासारखं मधलं गाळून पुढं जाणं मला येत नाही.

आपण दोघं चित्रकथी. तुम्ही कागदावर चित्रं काढायची, मी ती गावोगाव फळीला टेकवून एकेक दाखवायची आणि वीणेवर कथा गायची. एका कथेच्या कागदांची एक पोथी. लोक म्हणायचे, मेव्हण्या-दाजीची जोडी भारी आहे. त्यांना काय माहीत, उमापुरातून निघालं की पहिल्या ओढ्यापर्यंतसुद्धा आपलं भांडण दम धरायचं नाही.

तुम्ही अक्काला बघायला आला होतात ते आठवतंय? तुमचे चुलते, म्हणजे तात्या, एकटेच बोलत होते. तुम्ही मान खाली घालून गूळपाणी घेतलंत आणि गप्प. आमचा म्हातारा तापट. त्यानं मला आत ओढून नेलं आणि म्हणाला, "पोरगा मुका हाय का काय बे? तात्या लपवतोय आपल्यापासून!" बाहेर आलो तर तुम्ही चुलीतला कोळसा घेऊन ओसरीच्या भिंतीवर काहीतरी काढत होतात. दोन रेघांचं नाक, पुढं आलेली मान, वर गेलेलं एक बोट. झालं! आमचा म्हातारा भिंतीवर उभा राहून भांडत होता. आत बसलेली अक्का इतकी हसली, की बाहेरपर्यंत आवाज आला. म्हातारा आधी लाल झाला, मग त्यालाही हसू फुटलं. सोयरीक तिथंच पक्की झाली, तुम्ही एक शब्द बोलला नसताना. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, की या माणसाशी बोलण्यात आपला निभाव लागणार नाही.

आपलं खरं भांडण सुरू झालं ते दुधावरून. आपल्याकडं रडणारी बाई काढायची म्हणजे डोळ्याखाली टिपके काढायचे आणि हात गालाला लावायचा. तुमच्या आज्यापासूनची रीत. कथेत मुलगा मेल्याची बातमी आईला कळते, तो कागद फाटायला आला म्हणून तुम्ही नवा काढलात. मी बघितला तर टिपका एक नाही. बाई दाराकडं तोंड करून उभी. मागं चुलीवरचं दूध उतू चाललंय आणि तिच्या हातातला चमचा हातातच राहिलाय. दारात कुणी काढलेलं नाही. अर्धा कागद कोरा.

मी म्हणालो, "दाजी, ही रडतीय हे लोकांना कळणार कसं? अन् एवढा कागद कोरा कशाला सोडला?"

तुम्ही म्हणालात, "कोरा न्हाई त्यो. तिथं बातमी हाय."

मला हसूच आलं. धारूरच्या बाजारात तो कागद पहिल्यांदा लावला. किल्ल्याखालच्या मैदानात बाया भाजीच्या पाट्या बाजूला ठेवून बसल्या होत्या. मी वीणा जुळवतोय, रडण्याचं गाणं अजून गळ्यात यायचंय, आणि पुढच्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावलेसुद्धा. एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, दूध गेलं!" ती दुधासाठी हळहळली, असं मी तेव्हा म्हणालो आणि आजही अर्धं तसंच म्हणतो. त्यांना कथा आधीपासून पाठ होती, दाजी. पुढं काय येणार ते ठाऊक असलं की कोरा कागदसुद्धा रडवतो. हे मी तुम्हाला घाट उतरेपर्यंत सांगत होतो आणि तुम्ही बाभळीचा डिंक काढत माझ्यामागून येत होतात.

मग ते अंमलदार. उमापूरच्या चावडीवर आले होते, हैदराबादेकडचे. त्यांना मराठीचा गंध नाही. पाटलानं आपल्याला बोलावून घेतलं, साहेबांचं मन रमवा म्हणून. मी जीव तोडून गायलो. साहेब खुर्चीत बसून बघत होते. लढाईच्या कागदाला सरसावून बसले, सेनापती पळाला तेव्हा मांडीवर थाप मारून हसले, आणि दुधाच्या कागदाला त्यांनी डोळ्यावरचा चष्मा काढला. जाताना मंदील दिला, तोसुद्धा तुमच्या हातात. वाटेत तुम्ही म्हणालात, "पावणं, त्या साहेबाला तुमचा एक सबूद बी कळला न्हाई."

"माझा सूर कळला," मी म्हणालो.

तुम्ही मंदील माझ्या डोक्यावर ठेवलात आणि पुढं चालू लागलात. मी तो अजून वापरतो. पण माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. माणूस गाण्यावरही रडतो. भाषा कळत नसली तरी गळा दाटलेला कळतो. तुम्ही यावर काही बोलला असतात तर बरं झालं असतं.

तुम्ही बोलला नाहीत. घरी आलात आणि कागद घोटायला बसलात. दौलताबादेकडचा तो जाड कागद तुम्ही जपून ठेवला होता. मी विचारलं, आता कुठली कथा? तर म्हणे, नवी. कुणी ऐकलेली नाही अशी. कुणाची? माझी. काय आहे त्यात? त्यावर तुम्ही खारीच्या केसांची ती कलम तोंडात धरलीत आणि हसलात. "चित्रं बघून तुमीच लावा. लोकायला आधीपासून पाठ असती म्हनता ना? मग ही कुणालाच पाठ न्हाई. तुमाला बी न्हाई." पैज होती ती. मी म्हणालो, लावतो. त्यात काय.

मग ताप आला. मी उशाशी बसून होतो, तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या दुपारी शुद्धीवर आलात तेव्हा मी विचारलं, "दाजी, निदान कथा तरी सांगून ठेवा. राहिली तर?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "बघा की," म्हणालात. एवढंच. ते दोन शब्द पुरवून पुरवून मी इथपर्यंत आलोय.

आपल्या जमातीची रीत तुम्ही जाणता. ज्या पोथीची कथा कुणी लावली नाही ती मुकी पोथी. काढणारा गेला आणि पोथी मुकी राहिली, तर ती घरात ठेवायची नाही, त्याच्या तेराव्याला गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, सोडायची. तात्यांनी तिसऱ्या दिवशीच मला बाजूला घेतलं. त्यांनाही काही हौस नव्हती, डोळे सुजले होते त्यांचे. म्हणाले, "सटवा, गोड जेवन झालं की मानसं बसतील. त्यांच्यापुढं लाव. पटली मानसायला तर ठेव. न्हाई पटली तर सांजच्याला मी गंगेवर घेऊन जातो. ज्याची वस्तू त्याच्यामागं जाऊ दे."

मी म्हणालो, चालेल. मला काळजी नव्हती, दाजी. सबंध तालुक्यात माझ्याएवढं बोलणारा कोण आहे?

सहा सुटे कागद. पोथी तयार झाली की आपण दोन-दोन कागद पाठीला पाठ लावून खळीनं चिकटवतो, म्हणजे एक दाखवून झाला की उलटायचा, दुसरा समोर येतो. तुमचे अजून चिकटवलेले नव्हते. मागं खूण नाही, आकडा नाही. आधीचा कुठला, नंतरचा कुठला, सगळं बघूनच ओळखायचं. अक्काच्या खोलीत मी ते जमिनीवर मांडले.

पहिला कळायला वेळ लागला नाही. गादीवर राजा, त्याच्या खांद्यावर पोपट. राजाचे ओठ तुम्ही एका रेघेत मिटवले होते आणि पोपटाची चोच त्याच्या कानाशी. राजा मुका, पोपट त्याच्यासाठी बोलतो. मी मनात म्हणालो, ओळखला बरं का राजा! म्हाताऱ्याच्या ओसरीवर गूळपाणी पिणारा. आणि पोपट कोण तेही ओळखलं.

दुसऱ्यात दरबारी मुजरा करतायत, पण सगळ्यांच्या माना पोपटाकडं वळलेल्या. पोपट केवढा! राजाच्या दुप्पट. आणि राजा इतका लहान, की गादीत बुडालाय. पोपटाला माज आला हे सांगायला तुम्ही एक रेघ जास्त ओढली नाहीत, नुसता मोठा काढलात. तिसऱ्यात राजाचा हात वर, पोपट कागदाच्या कडेला पोचलाय, शेपूट तेवढं आत उरलंय. मधे सगळा कागद कोरा. तिथं भांडण आहे, हे मला आता सांगावं लागलं नाही. चौथ्यात पोपट नाही. दरबारात प्रत्येकाचं तोंड उघडं, हात एकमेकांत अडकलेले, कुणाचं कुणाला ऐकू येईना. राजा सगळ्यांमधे, पुन्हा मोठा, आणि खांदा रिकामा. त्या रिकाम्या खांद्याकडं मी फार वेळ बघत बसलो होतो. माणूस नसलेली जागा कशी काढायची हे तुम्ही कुणाकडं शिकलात, दाजी?

उरले दोन. दोन्हीत गादी रिकामी. राजा गेलाय. दोन्हीत पोपट गादीच्या कडेवर बसलेला. एकात चोच उघडी, दुसऱ्यात मिटलेली. आता यातला आधी कुठला?

मी लावलं ते असं. पोपट परत आला, बघतो तर राजा नाही. सवयीप्रमाणं बोलतच सुटला, चोच उघडी. मग त्याला कळलं, की ज्याच्यासाठी बोलायचं तोच राहिला नाही, आणि त्यानं चोच मिटली ती कायमची. शेवट. मला तुमचा निरोप लख्ख दिसला. पावणं, आता तरी गप्प बसा. मेल्यावरही मला गप्प करून गेलात! मला राग आला, दाजी. तुमच्या दिव्याला तेल घालताना राग, पिंडाला कावळा शिवेना तेव्हा राग. सगळे म्हणत होते, दाजीची इच्छा राहिलीय. मी म्हणत होतो, राहिली कुठं, सहा कागद भरून काढलीय. पण कथा मी तुमच्या इच्छेप्रमाणंच लावणार होतो. पैज ती पैज.

काल जेवणं झाली. अंगणात माणसं बसली, तात्या पुढं, बाया ओसरीवर. मी मंदील बांधला, फळी लावली आणि सुरू झालो. खोटं कशाला बोलू, छान लागली कथा. पोपट मोठा झाला तेव्हा हसू पिकलं. कडेला शेपूट दिसलं तेव्हा लोक पुढं सरकले. मी उघड्या चोचीचा कागद दाखवला, पोपटाचं वायफळ बोलणं म्हणून दाखवलं, आणि गळा दाटवून शेवटचा कागद वर धरला. मिटलेली चोच. "आन् मंग त्या पोपटानं," मी म्हणालो, "जनमभरासाठी बोलनं सोडलं!"

मला वाटलं, आता पदर डोळ्याला लागतील. तेवढ्यात शेजारची गयाबाई ओसरीवरून म्हणाली, "अन् झाड कावून बारकं झालं रं?"

"कुठलं झाड?"

"कोपऱ्यातलं! आंब्याचं. मगाशी गादीच्या वर गेलतं, सावली पडलती. आता हे बघ, गादीच्या लोडापोतरच हाय. पोपट गप बसला म्हून झाड बी आखडलं व्हय?"

अंगणभर हशा पिकला. तेराव्याच्या घरात! तात्यासुद्धा उपरण्यात तोंड लपवून हसले. मी कागदाकडं बघितलं. डाव्या कोपऱ्यात, खाली, आंब्याचं झाड. पहिला कागद उचलला. तिथंच, त्याच जागी, दोन पानांचा कोंब. दुसऱ्यात बोटभर. तिसऱ्यात, कोऱ्या कागदाच्या कडेला, दोन बोटं. मी ती नक्षी समजलो होतो. दाजी, तुम्ही कोपरे रिकामे सोडणारे! तुम्ही कधी उगीच कोपऱ्यात पान काढलंय? मी पोपटाच्या चोचीकडं इतका बघत राहिलो, की तुमच्याकडं बघायचं राहून गेलं. चोच माझी ना!

मी दोन्ही कागदांची अदलाबदल केली. आधी मिटलेली चोच. झाड गादीच्या लोडाइतकं, माणसं माना खाली घालून. ही राजा गेल्याची वेळ. त्यानंतर उघडी चोच. झाड गादीच्या वर गेलेलं, गादीवर सावली, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाचा चेहरा वर उचललेला. पोपट आता मोठा नव्हता की लहान नव्हता. पोपटाएवढाच होता.

म्हणजे शेवटचा शब्द तुम्ही मला दिला होता. आणि मी सगळं सुतकभर तुमच्यावर रागावून बसलो होतो.

दाजी, तिथं उभ्या उभ्या मला रडू आलं. चारचौघांत, मंदील बांधलेला असताना. पैज तुम्ही जिंकलीत. मी कथा एक सांगत होतो आणि तुमची चित्रं दुसरी सांगत होती, आणि गयाबाईनं माझं सोडून तुमचं ऐकलं. तिला कथा पाठ नव्हती. कुणालाच नव्हती. पण जिंकायला तुम्ही काय काढलंत? बोलणारा पोपट! तुमच्याशी भांडायचं तरी कसं, सांगा.

लोक थांबले होते. पोपट बोलतोय, पण काय बोलतोय ते काढता येत नाही. तेवढं मात्र तुम्हाला काढता आलं नाही, हे लक्षात असू द्या. मी लगेच बोललो नाही. कागद वर धरून उभा राहिलो. लोकांना झाड बघू दिलं, सावली बघू दिली, रिकामी गादी बघू दिली. कुणीतरी नाक ओढलं. गयाबाई हसायची थांबली. मग मी तोंड उघडलं आणि पोपट जे बोलला असणार तेच बोललो.

"एक राजा व्हता. त्याला बोलता येत न्हवतं."

कथेची पहिली ओळ. मी सुरुवातीला म्हटलेली तीच. पण आता ती ऐकून अक्काच्या तोंडून हुंदका फुटला. तुम्ही गेल्यापासून ती रडली नव्हती, दाजी. आम्ही सगळे तिच्या कोरड्या डोळ्यांना भ्यायलो होतो. बायांनी तिला धरलं आणि मोकळी होऊ दिली.

तात्या उठले. मला वाटलं, पोथी मागतायत. मी कागद छातीशी धरले. तात्यांनी मंदील सारखा केला माझ्या डोक्यावरचा आणि आत हाक दिली, "खळ शिजवा गं जरा. पोथी चिकटवायची हाय."

आज सकाळी अक्का म्हणाली, "मला हिरवा वाटायला लावायचे सारखं. नीळ आन् पिवळी हरताळ, नीळ आन् हरताळ. मी म्हनलं, पोपट तर एकच हाय, एवढा हिरवा कुठं घालताव? तर म्हनले, सटवाला सापडतंय का बघू." आणि ती पुन्हा रडली, पण हसत हसत.

कागद चिकटले आहेत. मिटलेली चोच आणि उघडी चोच पाठीला पाठ लावून, तुमच्या-माझ्यासारखी. उद्या आम्ही लिंबागणेशाला निघतोय, गणपतीपुढं पहिला खेळ लावायला. अक्का माझ्या मागं झांज धरणार आहे, तिनंच ठरवलं. तुम्हाला नवी पोथी काढायचं सुचणार नाही आता, म्हणून ही मी नीट सांभाळीन.

आणि वाद मिटला असं समजू नका. सूर कळतो, हे मी अजूनही म्हणतो. काल अक्का रडली ती चित्रावर की माझ्या त्या ओळीवर, सांगा बरं? शेवटचा कागद हातात घेईन तेव्हा आधी गप्प राहीन, तुमच्या झाडाची सावली सगळ्यांना दिसू देईन. तेवढं तुमचं. पुढं मी बोलणार, दाजी. चोच तुम्हीच उघडी काढलीय.